चार नंबरच्या टेबलाची हवा

डिंपना किवनीला त्या खोलीतून बाहेर काढलं ते मी. कागदावर सही क्वालिटी विभागाच्या अल्टन फाहीची आहे, पण ज्या वाक्याखाली त्याने सही केली ते वाक्य माझं होतं. सातच शब्दांचं होतं. ते लिहायला मला एक दुपार लागली आणि त्यानंतरची अकरा वर्षं मला ते बरोबरच वाटत होतं.

खोलीही माझीच. आयर्लंडमधल्या ट्यूम गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एक जुनं गोदाम होतं, त्याच्या पोटात ती मी उभी करून घेतली. आमच्याकडे हृदयासाठीच्या नळ्या बनायच्या. मांडीच्या शिरेतून आत सरकवत थेट हृदयापर्यंत नेतात त्या. त्यांच्या टोकाला केसाहून बारीक तारेचं विणकाम असतं आणि ते हाताने करावं लागतं, सूक्ष्मदर्शकाखाली, आणि अशा हवेत की जिच्यात धुळीचे कण मोजून मापून असतात. हवेचे वर्ग ठरलेले आहेत. आमचा वर्ग सात. एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे कण साडेतीन लाखांच्या वर जाता कामा नयेत. आकडा मोठा वाटतो, पण आपण घरी ज्या हवेत चहा पितो तिच्यात याच्या कैक पट असतात.

अशी खोली विटांची बांधत नाहीत. हॉलंडहून ट्रकमधून पॅनेलं आली, पांढरी, गुळगुळीत, एकमेकांत खटकन बसणारी. कोपरे गोल, म्हणजे धूळ बसायला जागा नाही. छतात पंखे आणि फिल्टर. गाळलेली हवा वरून खाली ढकलली जाते, भिंतीच्या पायथ्याशी जाळ्या असतात त्यातून पोकळ भिंतीत शिरते आणि तिथून परत वर. उद्या जागा बदलायची झाली तर खोली उलगडायची आणि दुसरीकडे मांडायची. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि मला या सगळ्याचा फार अभिमान होता.

गोदामाचा एक लोखंडी खांब नकाशात होता त्याहून वीतभर आत निघाला. तिथलं पॅनेल बसेना. हॉलंडहून नवीन मागवायचं तर तीन आठवडे. मोनॅहनहून जोडणीची माणसं आली होती, त्यांच्या मुकादमाला मी म्हटलं, "कापा."

"कापतो," तो म्हणाला, "पण मागची कड उघडी राहील. पॅनेलच्या पोटात भरलेली दगडी लोकर दिसतेय बघा. ती पत्र्याने बंद करायला पाहिजे, आणि त्यासाठी शेजारची दोन काढायला लागतील."

"मागे कोण बघणार आहे?"

तो हसला, मीही हसलो. पुढच्या बाजूने फट बुजवणाऱ्या सीलंटची एक सुबक रेघ ओढली. मागची कड पोकळ भिंतीत गेली. तिथली हवा वर जाणार, फिल्टरमधून गाळून येणार, मग थोडा भुसा असला आत तर काय बिघडतं, असा माझा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. अर्धा होता.

खोली तीनदा तपासतात. नुसती उभी केल्यावर रिकामी, मग यंत्रं मांडून पण माणसांशिवाय, आणि शेवटी माणसं कामाला लागल्यावर. पहिल्या दोन्ही वेळा आकडे इतके छान आले की अल्टनने मला पाठीवर थाप मारली. अल्टन कुणाच्या पाठीवर थाप मारणारा माणूस नव्हता.

उद्घाटनाला गावचे फादर आले. त्यांना आत जाऊन पवित्र पाणी शिंपडायचं होतं. अल्टन दारात आडवा झाला. "फादर, ते पाणी गाळलेलं आहे का?" फादर गोंधळले. तेवढ्यात मागून आवाज आला, "आशीर्वाद दारातूनच द्या, फादर. देव सगळीकडे असतो म्हणता, पण इथे त्यालासुद्धा टोपी घालूनच यावं लागेल." सगळ्या बायका खो खो हसल्या. फादरही.

ती डिंपना. एक्कावन्न वर्षांची, अंगाने बारकी, तारेच्या विणकामात सगळ्यांत वरचढ. एकोणीस वर्षं ती जुन्या खोलीत हेच करत आली होती. नव्या मुलींना शिकवायची तीच. कुणाची तार अडकली की न बोलता उठायची, दोन टोकं चिमट्यात धरून सोडवायची आणि परत जागेवर. मला ती "पोरा" म्हणायची, साहेब लोकांसमोरसुद्धा.

तिला चार नंबरचं टेबल मिळालं. त्या खांबाशेजारचं.

पंधरा दिवसांत तिने मला व्हरांड्यात गाठलं. "अरे मॅलाकी, तुझ्या या राजवाड्यात भूत आहे. माझ्या घोट्यांवर फुंकर मारतंय."

"तिथे जाळी आहे, डिंपना. तिच्यातून हवा आत जाते. बाहेर येत नाही."

"मग माझे घोटे खोटं बोलतात का?"

मी अंगभर पांढरा पोशाख चढवून आत गेलो, टेबलाखाली वाकलो, जाळीसमोर हात धरला. हवा आत ओढली जात होती, जशी जायला हवी तशीच. दहा सेकंद धरला असेल. "सगळं ठीक आहे," म्हटलं, "जाड मोजे घालत जा."

"हो डॉक्टर," ती म्हणाली, आणि आसपासच्या बायका पुन्हा हसल्या. मला त्या हसण्याचा थोडा राग आला होता. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

जूनमध्ये माणसांसकट तपासणी झाली. नऊ जागी आकडे चांगले. चार नंबरच्या टेबलाशी साडेचार लाख. आम्ही फिल्टर तपासले, भोक नाही. जमीन तीनदा धुतली, पुन्हा मोजलं, चार लाख ऐंशी हजार. त्या टेबलावरचा माल बाद करावा लागला, रोजचा. सप्टेंबरच्या शेवटी बाहेरचे तपासनीस येणार होते, आणि ते आले की परवाना राहणार की नाही तेच ठरणार होतं. अल्टन रोज सकाळी माझ्या दारात उभा. "मॅलाकी, हवा तुझी, भिंती तुझ्या. मग हे येतंय कुठून?"

एक दिवस त्याने वेगळाच प्रश्न विचारला. "त्या टेबलावर बसतं कोण?"

मला माहीत होतं तो काय विचारतोय. डिंपनाला सोरायसिस होता. जेवणाच्या सुट्टीत ती बाह्या वर करायची तेव्हा कोपरांवर लाल चट्टे आणि त्यावर पांढरा पापुद्रा दिसायचा. ती लपवत नसे. "माझ्या आजीचा वारसा," म्हणायची, "जमीन भावाला मिळाली, कातडी मला." या धंद्यात प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवतात की स्वच्छ खोलीतली सगळ्यात मळकी वस्तू म्हणजे माणूस. मिनिटाला लाखो कण आपल्या अंगावरून सुटत असतात. मीच ते नव्या लोकांना शिकवायचो, चित्रं दाखवून.

जुलैच्या शेवटी गॅलवेच्या घोड्यांच्या शर्यती असतात. त्या आठवड्यात अर्धा जिल्हा तिथे असतो. डिंपनाचा नवरा फॉन्सी घोड्यांचा वेडा, त्यामुळे तीही दर वर्षी तोच आठवडा रजा घ्यायची. मी तिच्या जागी दुसरीला बसवून मोजलं. दोन लाख दहा हजार. तिन्ही दिवस.

झालं. मला उत्तर मिळालं होतं.

हवेचा एक नमुना मी गाळणीच्या चकतीवर धरला होता, ऑगस्टात, ती टेबलावर असताना. तो डब्लिनच्या प्रयोगशाळेत पाठवला असता तर त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलं असतं की हे कण कातडीचे आहेत की आणखी कशाचे. नऊ दिवस लागले असते. मी तो काचेच्या बशीत बंद केला, चिठ्ठी लावली आणि कपाटात ठेवला. कशाला पाठवायचा? उगाच तिची कातडी सगळ्यांच्या तोंडी होईल, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. खरं म्हणजे घाई होती, आणि उत्तर सोपं होतं, आणि ते माझ्या भिंतींकडे बोट दाखवत नव्हतं.

अहवालात लिहिलं: 'कणांचा उगम टेबल चारवर बसणाऱ्या व्यक्तीकडे आढळतो.' नाव मी लिहिलं नाही. त्यात मला मोठा सभ्यपणा वाटला.

तिला सांगायला आम्ही लहान बैठकीच्या खोलीत बोलावलं. अल्टनने नियमांपासून सुरुवात केली, वर्ग सात म्हणजे काय, तपासनीस कधी येणार, आणि मधेच थांबून माझ्याकडे बघितलं. मला बोलावं लागलं. मी आकड्यांचा तक्ता तिच्यासमोर सरकवला. तुम्ही असताना एवढे, नसताना एवढे.

तिने तक्ता स्वतःकडे ओढून वाचला. मग म्हणाली, "म्हणजे घाण मी आहे."

"घाण नाही हो. कण."

"माझे कण."

"प्रत्येकाचेच असतात, डिंपना. तुमचे फक्त..."

"आणि ती घोट्यांची फुंकर?"

"त्याचा याच्याशी संबंध नाही."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. ती भांडली असती तर बरं झालं असतं. एकोणीस वर्षं जिने कुणाचा एक टोमणा फुकट जाऊ दिला नव्हता ती बाई उठली, खुर्ची आत सरकवली आणि गेली.

तिला खोके भरण्याच्या विभागात दिलं. पगार तोच ठेवला. त्या आठवड्यात अल्टनला सगळंच नीट करून घ्यायचं होतं. चार नंबरजवळ माल आत घ्यायचं एक सरकतं दार होतं, ते तोवर दर वीस मिनिटांनी उघडायचं. त्याने हुकूम काढला की यापुढे दिवसातून दोनदाच उघडेल. त्याच शनिवारी दोन्ही बदल झाले. सोमवारी मी मोजलं. एक लाख नव्वद हजार. अल्टनने दुसऱ्यांदा पाठीवर थाप मारली. तपासनीस आले, बघून गेले, परवाना राहिला.

एका वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत, हे शाळकरी मुलालाही विज्ञानाच्या तासाला सांगतात.

चार नंबरवर नवी मुलगी आली तेव्हा मी सूचना दिली की टेबल आणि खुर्ची तीनदा अल्कोहोलने पुसून घ्या. पाच नंबरवरच्या जसिंटा मलॉयने ते केलं. खोलीच्या भिंतीत व्हरांड्याकडे एक लांब काच होती, पाहुण्यांना आतलं दिसावं म्हणून. मी त्या काचेशी उभा होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं की काचेच्या दुसऱ्या टोकाशी डिंपनाही उभी आहे, हातात खोक्यांची चिकटपट्टी घेऊन. आत जसिंटा खुर्चीची पाठ पुसत होती, मग बैठक, मग पाय, मग पुन्हा पाठ. डिंपनाने शेवटपर्यंत बघितलं आणि मग ती आपल्या कामाला गेली.

सात महिन्यांनी तिने नोकरी सोडली. फॉन्सीची पाठ दुखते, घरी कुणीतरी हवं, असं कारण दिलं.

मग वर्षं गेली. माझं लग्न झालं, दोन मुली झाल्या, मी विभागप्रमुख झालो. डिंपनाची आठवण यायची, पण अशी, की बिचारी, नशीब तिचं.

अकरा वर्षांनी कारखाना वाढला. शेजारी नवी इमारत झाली आणि जुनी खोली उलगडून तिकडे न्यायची ठरली. मार्च महिना होता. माणसं पॅनेलं सोडवत होती, मी यादी घेऊन उभा होतो. खांबाजवळचं पॅनेल निघालं आणि उलगडणाऱ्यांतला एक जण म्हणाला, "साहेब, हे काय झालंय इथे?"

कापलेली कड पूर्ण विस्कटली होती. अकरा वर्षं हवेने तिला कुरतडलं होतं. पोकळ भिंतीच्या तळाशी, जाळीच्या बरोबर मागे, करड्या भुश्याचा ढीग होता, गुडघ्याएवढा. मी जाळीसमोर वाकलो. तिथून सरकतं दार दीड हातावर. हे अंतर मी कधी मोजलंच नव्हतं.

छतातले पंखे खोलीत हवेचा दाब धरून ठेवतात म्हणून जाळीतून हवा आत जाते. मोठं दार उघडलं की तो दाब दोन-तीन सेकंद पडतो. तेवढ्या वेळात पोकळ भिंतीतली हवा उलटते आणि जाळीतून बाहेर येते. घोट्यांवर. मी हात धरला होता तेव्हा दार बंद होतं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. दुपारी जुन्या नोंदी काढल्या. दाराला उघडझापीचा आकडा मोजणारं यंत्र होतं. रोज पंचवीस-तीस वेळा. शर्यतींच्या आठवड्यात, अर्धे लोक रजेवर म्हणून, रोज तीन-चार वेळा. सप्टेंबरपासून दोन. तिची रजा आणि दाराची रजा एकच होती.

मग मी नमुन्यांचं कोठार उघडायला लावलं. आमच्याकडे अशा वस्तू पंधरा वर्षं ठेवतात. ती काचेची बशी तिथे होती. चिठ्ठीवर माझं तरुण अक्षर. ती आणि भिंतीतला भुसा, दोन्ही मी डब्लिनला पाठवलं. नवव्या दिवशी उत्तर आलं. दगडी लोकरीचे तंतू, रंगाचे कण, पत्र्याचा कीस. दोन्हींत एकच. कातडी होती, कुठल्याही खोलीत असते तेवढी.

मी अल्टनकडे गेलो. त्याला निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. त्याने कागद वाचला, चष्मा काढला.

"खोलीच राहिली नाही, मॅलाकी. कुणाची फाईल उघडतोस?"

"तिची."

"त्या महिन्यांतला माल तेव्हाच बाद केलाय. कुणा रुग्णाला काही झालेलं नाही. मग आता कुणाचं भलं होणार आहे?"

"अहवाल खोटा आहे, अल्टन."

"चुकीचा," तो म्हणाला. "खोटा नाही. त्यात फरक असतो." मग त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला. "लिही काय लिहायचं ते. मी सही करतो."

मी दुरुस्तीचं पान लिहिलं, फाईलला जोडलं, आणि फाईल परत कोठारात गेली.

डिंपना मधल्या वर्षांत हेडफर्डच्या पुढे, कॉरिब सरोवराच्या काठी राहायला गेली होती. एप्रिलातल्या एका शनिवारी गेलो. फॉन्सी दारात होडी उपडी घालून तिला रंग देत होता. त्याने मला ओळखायला वेळ घेतला.

"खोलीवाला ना तू?"

"हो."

"आत आहे ती." ब्रश न ठेवता त्याने कोपराने दार दाखवलं.

ती खिडकीशी बसली होती, डोळ्याला भिंग लावून. मासे पकडणाऱ्यांसाठी पिसांच्या माश्या बांधत होती, गळाला लावायच्या. टेबलभर पिसं, सशाची लव, रेशमाचे दोरे. पुढच्या महिन्यात सरोवरावर खऱ्या माश्या निघतात तेव्हा इंग्लंड-जर्मनीहून लोक येतात आणि तिच्या माश्यांना मागणी असते, हे मला नंतर कळलं. तिने मान वर केली.

"पोरा, तू जाड झालास."

चहा झाला. तिने ब्राऊन ब्रेड कापला, लोणी लावलं, माझ्यासमोर ठेवला. मी सांगायला सुरुवात केली. कापलेलं पॅनेल, भुसा, दार, शर्यतींचा आठवडा, ती बशी. मी सगळं क्रमाने सांगितलं, जसं तपासनिसांना सांगतात तसं, कारण दुसरं कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. तिच्या बोटांत अर्धी बांधलेली माशी होती, ती तशीच धरून होती.

"म्हणजे मी नव्हते," ती शेवटी म्हणाली.

"नव्हता तुम्ही."

"मला वाटायचं मीच आहे."

माझी समजूत होती की ती मनातून मला खोटा धरून असेल. शिव्या देत असेल. ते मी सहन करायची तयारी करून आलो होतो.

"तुम्ही तर घोट्यांचं सांगितलं होतं," मी म्हटलं.

"सांगितलं होतं. पण तुझ्याकडे मशीन होतं रे. माझ्याकडे नुसते घोटे." तिने माशी टेबलावर ठेवली. "तू तक्ता दाखवलास. मी असताना एवढे, नसताना एवढे. मी काय म्हणणार? घरी येऊन पहिल्यांदा पलंगाची चादर झटकली आणि उन्हात बघत बसले, काय काय उडतंय ते. मग रोज झटकायला लागले. फॉन्सीच्या आधी उठून. खुर्चीवरून उठले की मागे वळून बघायचं. बहिणीच्या मुलीला बाळ झालं, सगळे म्हणाले घे ना मांडीवर. मी म्हटलं, सर्दी झालीय मला. त्याला आता दहावं वर्ष लागलंय. दर वेळी मला सर्दी."

तिने डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं.

"आणि एकदा चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये, कुणाच्या तरी अंत्यविधीनंतरचा चहा होता. मी सँडविचचं ताट नेलं होतं. नेहमी न्यायचे. संध्याकाळी परत न्यायला गेले तर वरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. कदाचित राहून गेलं असेल. माणसं विसरतात. पण मी परत ताट नेलं नाही."

"डिंपना, मी..."

"थांब. कुणाकुणाला सांगितलंस हे?"

"दुरुस्ती लिहिली आहे. अल्टनची सही आहे. फाईलला जोडली आहे."

"फाईलला सांगितलंस," ती म्हणाली. मग हसली, पण ते पूर्वीचं हसणं नव्हतं. "मला काढलंत ते काय फाईलमध्ये राहिलं होतं का?"

फॉन्सी आत येऊन उभा राहिला होता, हाताला हिरवा रंग. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आता जा तू," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. मी उठलो. ब्रेड तसाच राहिला होता.

सोमवारी दहाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये उभा राहिलो आणि टेबलावर चमचा वाजवला. दीडशेच्या आसपास माणसं होती. मी सांगितलं की अकरा वर्षांपूर्वी चार नंबरच्या टेबलावर डिंपना किवनी बसायची, तिच्या कातडीमुळे हवा बिघडते असं मी लिहिलं, ते चूक होतं, बिघाड माझ्या भिंतीत होता आणि मी तो स्वतःच्या हाताने ठेवला होता. दोन मिनिटं लागली. सगळे शांत होते, पण ती शांतता मला वाटली होती तशी नव्हती. त्यांना समजत नव्हतं. खिडकीजवळची एक मुलगी शेजारणीला हळूच विचारत होती, "डिंपना कोण?" डिंपनाबरोबर काम केलेल्या बायकांपैकी सातआठच उरल्या होत्या. काही निवृत्त झाल्या, दोघी वारल्या. ज्यांच्या मनात ते बसलं होतं त्यांच्यापर्यंत मी पोचतच नव्हतो, आणि समोर जे बसले होते त्यांना डिंपनाचं नावच माझ्या तोंडून पहिल्यांदा कळत होतं, त्याच्या मागोमाग कातडी हा शब्द.

एक जण टाळी वाजवायला लागला, धीर देण्यासाठी असेल, आणि लगेच थांबला.

मी बाहेर गाड्यांजवळ गेलो. मागून जसिंटा मलॉय आली. तिचे केस आता पांढरे होते.

"ती खुर्ची मी पुसली होती," ती म्हणाली.

"मी सांगितलं म्हणून."

"तू तीनदा सांगितलंस. मी पाचदा पुसली." तिचा आवाज फुटला. "आम्ही शाळेपासून एकत्र होतो रे. तिने मला तार धरायला शिकवलं. आणि ती खोलीतून गेल्यावर मी एकदाही तिच्या घरी गेले नाही, का तर काय बोलायचं कळेना. पॅरिशच्या चहाला ती यायची बंद झाली तेव्हा मला, देवाशप्पथ, सुटल्यासारखं वाटलं."

तिने पत्ता विचारला. मी लिहून दिला. रविवारी चर्चची प्रार्थना झाल्यावर ती गेली. काय बोलणं झालं मला माहीत नाही, दोघींनी सांगितलं नाही. जसिंटा तिथे चार तास होती एवढं कळलं, आणि त्यानंतर ती दर महिन्याला जायला लागली.

त्या पहिल्या भेटीनंतरच्या मंगळवारी जसिंटा माझ्या केबिनच्या दाराशी आली, आत न येता.

"तुला निरोप आहे. म्हणाली, मॅलाकीला सांग, थोडे दिवस येऊ नको म्हणावं. राग नाहीये. पण तो समोर आला की मी पुन्हा स्वतःचे कोपर बघायला लागते."

"थोडे दिवस म्हणजे किती?"

"ते नाही सांगितलं तिने."

मी बरं म्हटलं. नवी खोली जूनमध्ये चालू झाली. प्रत्येक कड मी स्वतः हाताने चाचपून बघितली, पुढून आणि मागून, आणि जिथे हात पोचत नव्हता तिथलं पॅनेल परत काढायला लावलं. आठवडा उशीर झाला. अल्टनने तो मान्य केला.

याला आता चार वर्षं होतील. मेच्या मध्यावर कधी कधी मी हेडफर्डच्या रस्त्याने जातो. कॉरिबवर होड्या दिसतात. फॉन्सीची हिरवी होडी कुठली ते मला ओळखता येत नाही, पाण्यावर सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांच्या घराच्या वळणाशी मी गाडी हळू करतो. वळत नाही.